अवकाशीय रणनीती खेळांतील अर्थव्यवस्थापन आणि नवशिका खेळाडू : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
अवकाशीय रणनीती खेळांमध्ये डोळ्यांत भरतात त्या युद्धनौका. परंतु जय-पराजय बहुतांशी त्यांच्यामागील अर्थव्यवस्थेवर ठरतो. ही अर्थव्यवस्था सांभाळण्यास नवशिका खेळाडू कसा शिकतो आणि खेळाची रचना त्यास कितपत साहाय्यभूत ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात ‘मास्टर ऑफ ओरायन’ (१९९३) व ‘स्टेलारिस’ (२०१६) या दोन संगणकीय खेळांच्या आधारे केला आहे.

विवेचन :
‘मास्टर ऑफ ओरायन’मध्ये प्रत्येक वसाहतीचे उत्पादन नौकाबांधणी, संरक्षण, उद्योग, पर्यावरण व तंत्रज्ञान या पाच बाबींत विभागावे लागते. एका बाबीचा वाटा वाढविला की इतरांचा घटतो. नौकांसाठी उद्योगाचा वाटा कापल्यास नवे कारखाने उभे राहत नाहीत; पर्यावरणाकडे दुर्लक्ष केल्यास प्रदूषण साचते. एका निवडीसाठी दुसरी सोडावी लागते, हे संधित्यागाचे तत्त्व येथे एकाच पडद्यावर दिसते. नवशिक्याची चूक आणि तिचे कारण यांत अंतर राहत नाही.

‘स्टेलारिस’ची रचना अधिक वास्तवदर्शी आहे. डिसेंबर २०१८ मधील फेरबदलानंतर तिची अर्थव्यवस्था उत्पादन-साखळीवर उभी राहिली. त्या रचनेत एक खाणकामगार दरमहा मूलतः ४ खनिजे काढतो, तर एक धातुकारागीर ६ खनिजे वापरून ३ मिश्रधातू तयार करतो. नौकांसाठी मिश्रधातू हवेत म्हणून नवशिका ओतशाळा उभारतो. परंतु तेथील वरच्या दर्जाच्या कामाकडे खाणकामगारच वळतात. असे दोन कामगार गेले की खनिजांची आवक ८ ने घटते आणि मागणी १२ ने वाढते. म्हणजे ६ मिश्रधातूंसाठी मासिक ताळेबंदात २० खनिजांची तूट येते. साठा शिल्लक असेपर्यंत ही तूट जाणवत नाही. साठा संपतो तेव्हा मूळ निर्णय मागे पडलेला असतो आणि वरच्या कामावर गेलेला कामगार खालच्या कामावर लगेच परतत नाही.

येथे साठा आणि प्रवाह यांतील भेद हा खरा धडा आहे. तो मोलाचा आहे, यात शंका नाही. तथापि खेळ तो शिकवितो असे म्हणण्यापेक्षा, खेळाडूस त्यात अडखळू देतो असे म्हणणे अधिक उचित ठरेल. पडद्यावर तुटीचा आकडा दिसतो. तिचे कारण मात्र ग्रह, इमारती व कामगार यांच्या निरनिराळ्या तक्त्यांत विखुरलेले असते. परिणामी अनेकदा नवशिका कारण शोधण्याऐवजी बाजारातून खनिजे विकत घेतो आणि एका साधनाची तूट दुसऱ्यावर ढकलतो.

अर्थात जुन्या खेळाच्या सुबोधतेलाही मर्यादा आहे. तेथे श्रम हा केवळ उत्पादनाचा आकडा आहे. श्रमिकाचा दर्जा वा उपभोग यांचा विचार नाही. ‘स्टेलारिस’ हे प्रश्न निदान उपस्थित तरी करतो.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, प्रतिमान जितके समृद्ध तितके ते चांगले पाठ्यसाधन, हे समीकरण ग्राह्य धरता येत नाही. अर्थशास्त्राच्या वर्गात अशा खेळांचा उपयोग करावयाचा असल्यास प्रथम सोपी रचना, नंतर गुंतागुंतीची, हा क्रम श्रेयस्कर ठरेल. तूट आल्यावर खेळ थांबवून ती कोणत्या निर्णयातून उद्भवली, हे विद्यार्थ्याकडून कागदावर मांडून घ्यावे. खेळ अनुभव देतो. त्या अनुभवाचे ज्ञानात रूपांतर करण्याचे कार्य मात्र अध्यापकाकडेच राहते.