परतीची जमीन : सुशिक्षित बेकाराच्या कथनातील एक गृहीत

मराठी कादंबरीतील सुशिक्षित तरुणाची चर्चा करताना समीक्षेने 'परात्मता', 'बंडखोरी', 'निरर्थकतेची जाणीव' या संज्ञांचा विपुल वापर केला आहे. पदवी, नोकरी व व्यवसायाची निवड या बाबी त्या चर्चेत बहुधा पार्श्वभूमीपुरत्याच येतात. हा तरुण नोकरी नाकारतो की नोकरी त्याला नाकारते, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु या कथनांच्या रचनेच्या दृष्टीने त्याहून मूलभूत प्रश्न असा की, शहरातून पाय निघाल्यावर तो परततो कोठे?

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्यातील शिक्षण अर्धवट टाकून खानदेशातील आपल्या गावी येतो. या परतण्याकडे निरर्थकतेच्या जाणिवेचा आविष्कार म्हणून पाहण्याची प्रथा रूढ आहे आणि ती चुकीची नाही. मात्र ही निरर्थकता ज्या भूमीवर उभी आहे ती वडिलांच्या मालकीची आहे. वडिलांशी पांडुरंगाचे कितीही वाकडे असो, घर आणि शेती यांचे अस्तित्व कादंबरी गृहीतच धरते. पदवीवाचून जगता येणे ही त्या गृहीताने दिलेली सवलत आहे. नकाराची किंमत कोणाला तरी चुकती करावी लागते. येथे ती आधीच्या पिढीने चुकती केलेली आहे.

सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'मध्ये (२००२) हे गृहीत ढासळलेले दिसते. एकनाथ एम.ए., बी.एड. झालेला आहे, शिक्षकाच्या नोकरीसाठी मोजावा लागणारा पैसा मात्र त्याच्यापाशी नाही. तो शेतीत राहतो, पण हे राहणे निवडलेले नाही. धाकट्या भावाला तर नोकरीसाठी जमीनच विकावीशी वाटते. 'कोसला'त जी जमीन नोकरीवाचून जगण्याचा आधार होती, तीच 'बारोमास'मध्ये नोकरीची किंमत होऊन बसते. दोन कादंबऱ्यांमधील चार दशकांचे अंतर या एका बदलात मोजता येते.

तथापि या बदलाला केवळ कालक्रमाने घडलेली घसरण मानणे सदोष ठरेल. 'कोसला' प्रसिद्ध झाली त्याच १९६३ साली बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. त्याच्या शीर्षककथेतील शिकलेला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्याला येतो, राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. नोकरी मिळूनही त्याला जागा मिळत नाही. आणि ज्या गावाने त्याला जागा नाकारण्याची रीत घडवली, ते गाव त्याचे आश्रयस्थान होऊ शकत नाही. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी ज्यांना सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या मुलानातवंडांच्या दृष्टीने 'गावी परतणे' हा शब्दप्रयोग कधीच निरागस नव्हता. परतीची जमीन हे वाङ्मयीन गृहीत मुळातच जातीने आणि मालकीने सीमित झालेले होते. बागुलांच्या कथेने ते आरंभीच दाखवून दिले. कादंबरीच्या समीक्षेने त्याची दखल उशिरा घेतली.

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ पट्ट्यात या प्रश्नाला आणखी एक परिमाण लाभते. तुटपुंज्या भातखाचरांवर आणि नाचणी-वरीवर घर चालत नाही, म्हणून मुंबईची वाट येथे पदवीच्या पुष्कळ आधीपासून मळलेली आहे. 'चाकरमानी' हा शब्द व्यक्तीच्या व्यवसायापेक्षा तिचे घराशी असलेले नाते सांगतो: गौरी-गणपतीला आणि शिमग्याला जो परत येतो, तो चाकरमानी. त्यामुळे येथील पदवीधराची 'निवड' ही बव्हंशी घराची निवड असते. श्री. ना. पेंडसे यांच्या 'रथचक्र'मधील (१९६२) अनाम नायिका मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र कुटुंबाबाहेर पडते, तेव्हा कोकणातील शिक्षणाचा हा कौटुंबिक अर्थ स्पष्ट होतो. शिकणारा एक असतो, पणाला लागणारे अनेक.

महाड तालुक्यातील तळीये येथे २२ जुलै २०२१ रोजी डोंगर खचला आणि ८० हून अधिक माणसे गाडली गेली. परतीचे गृहीत येथे अक्षरशः पायाखालून सरकले. ज्या घरासाठी नोकरी धरायची ते घर आणि नोकरी सुटल्यावर जेथे यायचे ती जमीन, दोन्ही एकदम नाहीशी होऊ शकतात, हे या घटनेने दाखवले. अशा गावच्या पदवीधराची कथा ना पांडुरंगाच्या परतीने संपू शकते, ना एकनाथाच्या अडकून पडण्याने.

या वाचनाने साहित्यकृतीचा समाजशास्त्रीय दस्तऐवज होतो, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु कादंबरी कोठे संपते हा रूपाचाच प्रश्न आहे, आणि परतणे हा समारोपाचा एक घाट आहे. तो घाट कोणत्या पात्राला उपलब्ध आहे आणि कोणाला नाही, हे तपासणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे नाही.

मराठीची पदव्युत्तर पदवी आणि सेट-नेटची प्रमाणपत्रे घेऊन, तासिका तत्त्वावर मिळणाऱ्या मानधनात 'कोसला' शिकवणारा तरुण आज महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. पांडुरंगाचा नकार तो वर्गात विशद करतो आणि सत्र संपले की पुढच्या सत्राच्या नेमणुकीची वाट पाहतो. त्या नकाराचे मोल त्याला परंपरागत समीक्षेपेक्षा अधिक नेमके ठाऊक असते, कारण तो नकार त्याला परवडणारा नसतो. हे ज्ञान अद्याप समीक्षेच्या परिभाषेत आलेले नाही. ते येईल तेव्हा 'कोसला'चे मोठेपण उणावणार नाही. तिच्या नायकाच्या पायाखाली काय होते, ते मात्र दिसू लागेल.