परका कान

मेटॅलिकाचा नवा अल्बम येणार अशी कुणकुण लागली की चाहत्यांमध्ये गाण्यांच्या आधी एका नावावरून जुंपते. या वेळी प्रोड्युसर कोण? कुणाला बॉब रॉक परत हवा असतो, कुणी कोपनहेगनच्या फ्लेमिंग रासमुसेनचं नाव लावून धरतं, रिक रुबिनचं नाव निघालं की निम्मे जण उखडतात, आणि सध्याचा ग्रेग फिडलमन आता पुष्कळ झाला असं म्हणणारेही कमी नाहीत. बाहेरच्याला हा वाद रिकामटेकडा वाटेल. मला तो रॉक संगीतातला फार महत्त्वाचा वाद वाटतो, कारण अल्बम कसा ऐकू यावा आणि त्याची जबाबदारी कुणाची, हे श्रोते इतक्या पोटतिडकीने दुसरीकडे क्वचितच विचारतात. ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर हा बँड वाजला, तेव्हा पुण्या-मुंबईहून गेलेल्यांमध्येही हा वाद रंगवणारे होतेच.

मात्र या वादात दोष बऱ्याचदा चुकीच्या माणसाच्या माथी मारला जातो. १९८८ चा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ घ्या. त्यात जेसन न्यूस्टेडचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. कित्येक वर्षं लोकांनी त्याबद्दल रासमुसेनला धारेवर धरलं. पण त्याने रेकॉर्डिंग केलं होतं. मिक्सिंग स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बिएरो यांनी केलं, आणि तेव्हा रासमुसेन तिथे नव्हता. बेस खाली आणण्याचा आग्रह ड्रमर लार्स उलरिकचा होता, हे थॉम्पसनने पुढे उघडपणे सांगितलं. आधीचा बेसवादक क्लिफ बर्टन १९८६ च्या सप्टेंबरात स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला होता आणि त्याच्या जागी आलेल्या पोराला बँड अजून आपला मानत नव्हता. या साऱ्याचं ओझं त्या मिक्सवर आहे. तिथे प्रोड्युसर बदलून काय होणार होतं? बँडला ‘हे चालणार नाही’ असं ठणकावणारं कुणी त्या खोलीत नव्हतं, हे खरं दुखणं.

‘डेथ मॅग्नेटिक’ची कथाही तशीच. २००८ मध्ये तो आला तेव्हा गाणी दमदार आहेत यावर बऱ्याच जणांचं एकमत होतं, पण आवाज कानाला टोचत होता. इयरफोन लावून तो सलग ऐकला तर चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत डोकं जड होतं. याचं कारण तांत्रिक आहे. ड्रमचा ठोका पडतो तेव्हा ध्वनीची पातळी क्षणभर उसळते आणि लगेच खाली येते. या उसळीमुळेच ठोका ‘लागतो’. सगळंच मोठं ऐकू यावं म्हणून लिमिटरने या उसळ्या छाटल्या की ठोका आणि गिटार एकाच उंचीवर येतात, कडा फाटतात आणि खरखर सुरू होते. ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये हीच गाणी आली, तिथे मात्र ती मोकळी, श्वास घेणारी होती. चाहत्यांनी दोन्ही लहरींची चित्रं शेजारी शेजारी ठेवून फरक दाखवला आणि हजारोंनी पुन्हा मिक्स करण्याची मागणी केली. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सनने तर सांगितलं की त्याच्याकडे आलं तेव्हाच ते छाटलेलं होतं. म्हणजे श्रोत्यांचा कान बरोबर होता आणि त्यांचं म्हणणं पुराव्यानिशी होतं.

तरीही या अल्बमचा प्रोड्युसर असलेल्या रुबिनला सरसकट झोडपणं मला पटत नाही. तो मिक्सिंग कन्सोलशी बसणारा प्रोड्युसर नाही, स्टुडिओत रोज हजर राहणारा तर नाहीच. त्याचं काम रेकॉर्डिंगच्या आधीचं. स्टुडिओत पाऊल ठेवण्यापूर्वी गाणी पुरती बसवा, असा त्याचा हेका होता आणि ‘मास्टर ऑफ पपेट्स’च्या काळात तुम्ही काय विचार करत होतात ते आठवा, असं त्याने बँडला सांगितलं. ‘डेथ मॅग्नेटिक’मधली धग त्या सांगण्यातून आली. आवाजाकडे मात्र त्याच अधिकाराने पाहणारं कुणी उरलं नाही.

प्रोड्युसर म्हणजे काय हे पाहायचं असेल तर १९९१ च्या ‘मेटॅलिका’कडेच, म्हणजे चाहत्यांच्या काळ्या अल्बमकडेच, जावं लागतं. बॉब रॉक तेव्हा मॉट्ली क्रूचा ‘डॉक्टर फीलगुड’ करून आलेला, मेटॅलिकाच्या कडव्या चाहत्यांच्या लेखी संशयास्पद माणूस. आजवर ड्रम, गिटार, बेस असं तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड करणाऱ्या या चौघांना त्याने एका खोलीत एकत्र वाजवायला लावलं. सगळी गाणी एकाच ट्यूनिंगमध्ये आहेत हे त्याने दाखवून दिलं आणि ‘सॅड बट ट्रू’ खालच्या सुरात उतरलं. त्या गाण्याचं सगळं वजन तिथून येतं. ‘एंटर सँडमन’चे शब्द गायक जेम्स हेटफील्डला पुन्हा लिहायला लावले गेले. हेटफील्डसारख्या माणसाला ‘तू याहून चांगलं लिहू शकतोस’ असं ऐकवायला छाती लागते. सुमारे आठ-नऊ महिने हे चाललं, मिक्सिंग तीनदा झालं, खर्च दहा लाख डॉलरच्या घरात गेला आणि शेवटी सगळे एकमेकांवर वैतागलेले होते. एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटी साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. खप बाजूला ठेवला तरी त्या ड्रमचा आवाज आजही नव्या स्पीकरची परीक्षा पाहायला वापरला जातो.

मग हाच रॉक २००३ च्या ‘सेंट अँगर’मध्ये कुठे गेला? तिथे उलरिकने स्नेअर ड्रमच्या तारा सोडून ठेवल्या आणि पत्र्याच्या डब्यावर काठी आपटावी तसा आवाज सव्वा तास आपल्या डोक्यात घुमत राहतो. गिटारचा एकही सोलो नाही. न्यूस्टेड सोडून गेला होता, हेटफील्ड व्यसनमुक्तीच्या उपचारांतून परतला होता, आणि बेस वाजवत होता खुद्द रॉक. गीतलेखनाच्या श्रेयातही त्याचं नाव आहे. बँड मोडू नये म्हणून त्याने जे केलं त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ हा माहितीपट पाहिला की तो किती मोठा आधार होता ते कळतं. पण त्या दहा-बारा वर्षांत तो घरचा झाला होता. घरच्या माणसाला समेट घडवता येतो, परक्यासारखं तटस्थ ऐकणं जमत नाही. रॉकला पुढे प्रोड्युसर ठेवू नका अशा अर्जावर सुमारे १,५०० चाहत्यांनी सह्या केल्या. सूर कठोर होता, पण निदान बरोबर होतं.

म्हणून ‘रॉकला परत आणा’ या मागणीशी मी सहमत नाही. १९९१ चा रॉक आता मिळणार नाही, कारण तो परका राहिलेला नाही. फिडलमनचंही तेच होत चाललंय. ‘डेथ मॅग्नेटिक’पासून तो सोबत आहे, ‘हार्डवायर्ड’ (२०१६) आणि ‘७२ सीझन्स’ (२०२३) या दोन्हींवर हेटफील्ड आणि उलरिक यांच्याबरोबर त्याचं नाव आहे. आवाज स्वच्छ आहे, बेस ऐकू येतो, ही त्याची खरी कमाई. पण दोन्ही अल्बम सत्त्याहत्तर मिनिटांच्या पुढे जातात. स्टुडिओ स्वतःचा, लेबल स्वतःचं, घड्याळाकडे पाहणारं कुणी नाही. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आठ गाण्यांत आणि पंचावन्न मिनिटांच्या आत संपतो.

ही स्थिती एकट्या मेटॅलिकाची नाही. स्वतःचे स्टुडिओ आणि संगणकावरचं रेकॉर्डिंग आल्यापासून कितीतरी मोठे बँड स्वतःच स्वतःचे प्रोड्युसर झालेत आणि बाहेरून येणारा माणूस इंजिनियरपुरता उरलाय. स्टीव्ह अल्बिनी यालाच तत्त्व मानायचा: ठरलेली फी घ्यायची, रॉयल्टी घ्यायची नाही, माइक नीट लावायचे आणि बँडला बँडसारखं वाजू द्यायचं. निर्वाणाच्या ‘इन युटेरो’ला (१९९३) ते शोभलं, कारण गायक कर्ट कोबेनला काय हवं ते पक्कं ठाऊक होतं. साठी ओलांडलेल्या, नकार ऐकण्याची सवय सुटलेल्या बँडला हे तत्त्व मानवेल असं मला वाटत नाही.

चाहत्यांच्या यादीतली आणखी दोन नावं मला मनापासून पटतात. पहिलं अँडी स्नीपचं. जुडास प्रीस्टचा ‘फायरपॉवर’ (२०१८) त्याने टॉम अ‍ॅलमच्या जोडीने केला, आणि ‘ब्रिटिश स्टील’च्या काळातल्या माणसाला सोबत घेऊनही तो अल्बम जुनाट वाटत नाही. दुसरं मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या कर्ट बॅलूचं. कन्व्हर्जचा हा गिटारवादक आवाजात खडबडीतपणा शिल्लक ठेवतो, आणि मेटॅलिकाच्या अलीकडच्या गुळगुळीत गिटारला नेमका तोच हवाय. दोघांपैकी कुणीही आलं तरी करार एका अल्बमचा असावा, असं मी म्हणेन.

‘७२ सीझन्स’मधली चार-पाच गाणी मी डोळे मिटून कापली असती. पण त्याच अल्बमचा शेवट ‘इनामोराटा’ने होतो, अकरा मिनिटांहून मोठं, त्यांचं आजवरचं सर्वांत लांब गाणं, आणि मध्यावर सगळं थांबून फक्त बेस उरतो ती जागा त्यांनी गेल्या वीस वर्षांत केलेल्या कामात सर्वोत्तम आहे. फक्त कात्री घेऊन येणाऱ्या प्रोड्युसरने पहिल्याच दिवशी तिच्यावर घाव घातला असता. स्नीप येवो वा बॅलू, बाकीचं छाटून ‘इनामोराटा’ला हात न लावणारा कान त्याला असायला हवा.