थोरवी ठरवणारे कोण?

कलाकृतीची थोरवी समीक्षकांनी ठरवायची की लोकांनी? धर्मशिक्षणाच्या वर्गातील आमची मुले मोबाइलवरील खेळांविषयी हा वाद घालतात. कोट्यवधी लोक खेळतात म्हणून खेळ थोर, असे त्यांचे म्हणणे. अशा वेळी आम्हांस फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आठवते.

सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रोमन लिपीत छापला गेला. १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा निघाला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेवरच बंदी घातली. तरी ग्रंथ जगला, कारण भाविकांनी तो हाताने उतरवला, गायला. कोणा पंडिताची शिफारस त्यामागे नव्हती. १९०७ साली मंगळुरात जे. एल. सालढाणा यांनी तो पुन्हा छापला, तो अशा हस्तलिखितांच्याच आधारे.

समीक्षक त्यानंतर आले, आणि त्यांच्याविषयी आमची तक्रार आहे. बहुतेकांनी मराठीच्या स्तुतीच्या ओव्यांपाशीच ठाण मांडले. प्रभूच्या दुःखसहनापर्यंत थोडेच पोहोचले. गाणारे लोक मात्र त्यासाठीच येत असत. म्हणून आम्ही लोकांच्या बाजूचे. मात्र डोकी मोजणाऱ्यांच्या नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्यांच्या. अर्थात सालढाणांसारखा जाणकार नसता तर आपल्या हाती काय उरले असते?

फादर कारिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती १९९६ साली निघाली. जालना जिल्ह्यातील आमच्या किती घरांत ती उघडली गेली असेल? येत्या प्रायश्चित्तकाळात क्रूसाच्या वाटेनंतर काही ओव्या म्हणून पाहण्याचा आमचा विचार आहे. कोणास जुनी चाल ठाऊक असल्यास कळवावी.