धाकटी बहीण पुढे चालते

‘आशा’ हा शब्द आम्हां धर्मगुरूंच्या प्रवचनांत इतका वापरला गेला आहे, की जुन्या नाण्यावरील मुद्रेप्रमाणे तो आता झिजून गुळगुळीत झाला आहे. २०२५ च्या ज्युबिली वर्षाचे सूत्रच ‘आशेचे यात्रेकरू’ असे होते. त्या निमित्ताने भरलेल्या युवकांच्या एका मेळाव्यात, पदवी घेऊन दोन वर्षे नोकरीविना बसलेल्या एका तरुणाने मला विचारले, “फादर, आशा ठेवा, आशा ठेवा म्हणता, म्हणजे आम्ही नेमके करायचे काय?” मी त्याला संत पौलाचे रोमकरांस पत्र वाचावयास सांगितले. तो नम्रपणे ‘बरं’ म्हणाला आणि निघून गेला. माझे सांगणे चुकीचे नव्हते. परंतु ते त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्या रुखरुखीतूनच शार्ल पेगी या फ्रेंच कवीच्या एका दीर्घकाव्याकडे मी पुन्हा वळलो.

‘दुसऱ्या सद्गुणाच्या रहस्याची देवडी’ असा ज्याच्या शीर्षकाचा अनुवाद करता येईल, ते हे काव्य १९११ सालचे. विश्वास, आशा व प्रीती या तीन ईश्वरपरायण सद्गुणांपैकी दुसरा सद्गुण हा त्याचा विषय. विश्वास आणि प्रीती या थोरल्या बहिणी, तर आशा ही त्या दोघींच्या मधून चालणारी चिमुरडी, अशी कवीची कल्पना आहे. पाहणाऱ्यास वाटते, थोरल्या तिला हात धरून नेत आहेत. पेगी म्हणतो ते याच्या उलट: धाकटीच त्या दोघींना ओढून नेते. जे अद्याप घडलेले नाही, त्याकडे तोंड करून चालण्याचे धैर्य तिच्यापाशीच आहे.

कल्पना गोड आहे. कवीचे आयुष्य मात्र तसे नव्हते. तारुण्यात समाजवादाकडे वळून ख्रिस्तसभेपासून दुरावलेला पेगी १९०८ च्या सुमारास श्रद्धेकडे परतला. परंतु त्याचा विवाह चर्चबाहेर झालेला, पत्नी श्रद्धाहीन, मुलांचा स्नानसंस्कार झालेला नाही. परतूनही तो संस्कारांच्या उंबरठ्यावरच राहिला. शीर्षकातील ‘देवडी’ या शब्दाला त्यामुळे वेगळीच धार येते. काव्यातील लाकूडतोड्याचा प्रसंगही याच प्रकाशात वाचावा लागतो. थंडीत रानात राबणारा हा बाप आपल्या तीन आजारी मुलांची काळजी वाहून थकतो आणि अखेर त्यांना पवित्र मरियेच्या हाती सोपवून मोकळा होतो. हे जबाबदारी झटकणे नव्हे. मुले आपल्या मुठीत मावणार नाहीत, याची ती कबुली आहे.

काव्यात दोष नाहीत असे नाही. त्यातील पुनरुक्ती पुष्कळांना कंटाळवाणी वाटेल. जपमाळेची सवय असलेल्या वाचकाला ती फारशी जाचणार नाही. माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे सारे काव्य मादाम जेर्व्हेज या धर्मभगिनीच्या मुखातून येते. ऐकणारी आहे जानेत, म्हणजे पुढे संत जोन ऑफ आर्क म्हणून जगाला माहीत झालेली मुलगी. १९१० च्या आधीच्या काव्यात युद्धाने होरपळलेल्या प्रदेशातील ही मुलगी प्रश्न विचारते, वाद घालते. येथे मात्र ती गप्प आहे. आशेला बालिकेचे रूप द्यायचे आणि समोरच्या बालिकेला बोलूच द्यायचे नाही, ही विसंगती मला खुपते. मेळाव्यात मी तरी दुसरे काय केले होते?

आणखी एक अडचण आहे. आपल्यामागे आपली हत्यारे मुले चालवतील, या विचाराने लाकूडतोड्याला उभारी येते. आमच्या वसईतील किती बापांना आज असे म्हणता येईल? वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. कोयता पडवीत गंजतो आहे आणि मुलगा परदेशी जाण्यासाठी कागदपत्रे जमवतो आहे. वारसा चालू राहील ही खात्री म्हणजेच आशा असेल, तर आमच्यापाशी ती उरलेली नाही. परंतु त्याच बापाने मुलांना आपल्या हातून सोडले होते, हे विसरता येत नाही. हत्यारे मागे राहिली, तरी ते सोपविणे खोटे ठरत नाही. काव्य आपल्या उणिवेवर स्वतःच मात करते, ती येथे.

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे व उधळ्या पुत्र या तीन दाखल्यांवर पेगी रेंगाळतो, तेही याचसाठी. माणसाने देवावर आशा ठेवण्यापूर्वी देवानेच माणसावर आशा ठेवली आहे, वाटेकडे डोळे लावून बसण्याची पाळी स्वतः पित्यावर आली आहे, हे त्याचे धाडसी प्रतिपादन आहे. बेकार तरुणाला ‘आशा ठेव’ असा उपदेश करण्याआधी ‘तुझ्यावर कोणी आशा ठेवून आहे’ हे त्याला आमच्या वागण्यातून दिसले पाहिजे.

१९१४ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पेगी रणांगणावर पडला. आपल्या मुलांचे पुढे काय झाले हे त्याला पाहता आले नाही. तो तरुण मात्र अजून माझ्याच धर्मग्रामात आहे. या खेपेस त्याच्या घरी मीच जाणार आहे, आणि आधी त्याचे ऐकणार आहे.