आता वाट कुणी विचारत नाही

‘पूर्वीचे गेम खरे, आताचे सगळे पोरखेळ’ हे आरपीजी, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायचे व्हिडिओ गेम, खेळत मोठ्या झालेल्या पिढीचं आवडतं वाक्य. पुरावा म्हणून आकडे पुढे केले जातात, आणि त्यासाठी ‘एल्डर स्क्रोल्स’सारखी सोयीची मालिका नाही. १९९६च्या ‘डॅगरफॉल’मध्ये ३५ स्किल्स होती, २००२च्या ‘मॉरोविंड’मध्ये २७, २००६च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये २१, २०११च्या ‘स्कायरिम’मध्ये १८. ताकद, बुद्धी, चपळाई, नशीब वगैरे आठ मूळ गुण ‘ऑब्लिव्हियन’पर्यंत टिकले. ‘स्कायरिम’ने तेही काढले आणि प्राण, जादू, दम अशा तीन पट्ट्या ठेवल्या. उतार सरळ दिसतो. तरीही हा पुरावा मला कच्चा वाटतो.

कारण जे गळालं त्यातलं बरंचसं गळण्याच्याच लायकीचं होतं. ‘मॉरोविंड’मध्ये सुरुवातीलाच किनाऱ्यावर खेकडा भेटतो. तुमची तलवार त्याच्या अंगातून आरपार गेलेली दिसते आणि त्याला काहीच होत नाही, कारण पडद्यामागे फासा पडतो आणि तो तुमच्या विरुद्ध जातो. पळत आलात तर दम कमी होतो, दम कमी झाला की नेमही चुकतो. हे गेम नीट सांगतही नाही. टेबलावर कागद-पेन्सिल घेऊन खेळायच्या खेळातला हा हिशेब डोळ्यांसमोरच्या त्रिमितीय जगात हास्यास्पद दिसतो. शिवाय एवढे आकडे असूनही तोल नव्हताच. बुद्धी वाढवणारं औषध बनवा, ते पिऊन आणखी कडक औषध बनवा, तेही प्या. थोड्या वेळात तुम्ही देवाच्या वरताण होता. १९९८च्या ‘बाल्डर्स गेट’मधला थॅको नावाचा, वार लागतो की नाही ते ठरवणारा आकडा तर जितका कमी तितका चांगला, आणि चिलखताचाही तसाच. तो उमगण्यात बुद्धी लागायची हे खरं, पण ती खेळाकडे जायची नाही, नियमाच्या तिरकसपणाकडे जायची. या गणिताबद्दल हळहळण्यासारखं मला काही दिसत नाही.

हळहळ आहे ती वेगळ्या गोष्टीची. ‘मॉरोविंड’मध्ये नकाशावर कुठे जायचं ते दाखवणारा बाण नाही. बाल्मोरा गावात कायस कोसाडेस नावाच्या माणसाला गाठायचं, एवढंच हातात असतं. त्याचं घर कुठे ते गावातल्या गुत्त्यात विचारावं लागतं. पुढे आर्कंगथँड नावाच्या पडक्या वास्तूतून एक छोटी पेटी आणायची असते. गावाबाहेर दक्षिणेला निघा, लष्करी ठाण्यापाशी या, तिथून जुना पूल शोधून दरी ओलांडा, असं कुणीतरी सांगतं आणि ते तुमच्या रोजनिशीत उमटतं. तिथे पोचल्यावर दार बंद. ते उघडणारी कळ दाराजवळ नसून जरा अंतरावरच्या पाइपावर आहे. आत शिरलात तर ती पेटी फळीवर इतर सामानात पडलेली. अनेक जण इथेच अडकले, काहींनी गेम सोडला. दिलेले पत्ते कधीकधी चुकीचेही असायचे. रोजनिशी तर सुरुवातीला नुसती तारीखवार होती. कामाप्रमाणे नोंदी शोधायची सोय नंतरच्या ‘ट्रिब्युनल’ विस्ताराबरोबर आली. पण या सगळ्या खटाटोपात तुम्ही टेकड्या, ओढे, दगडी कमानी बघत चालता. भूगोल पाठ होतो, कारण त्याच्यावाचून पुढे सरकता येत नाही.

‘ऑब्लिव्हियन’ने होकायंत्रावर खूण आणली आणि एकदा बघितलेल्या ठिकाणी क्षणात पोचायची सोय दिली. सोयीला माझी हरकत नाही. कामावरून थकून आलेल्या माणसाला अर्धा तास रस्ता चुकायला लावण्यात पुरुषार्थ नाही. गोम पुढे आहे. ‘स्कायरिम’मध्ये ती खूण बंद करून बघा. काम सांगणारा बहुतेक वेळा नुसतं गुहेचं नाव घेतो किंवा नकाशावर खूण करून देतो म्हणतो. रस्त्याचं वर्णन त्याच्या बोलण्यात नसतंच, त्यामुळे खूण बंद करणाऱ्याला गावोगाव भटकण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे खूण ही जोडीला दिलेली सोय राहिली नाही, तिने संवादाची जागाच घेतली.

याचं कारण आळसापेक्षा खर्चात शोधावं. ‘मॉरोविंड’मधले संवाद बहुतांशी वाचायचे होते, लेखकाने आणखी चार परिच्छेद लिहिले तर बिघडत नव्हतं. ‘ऑब्लिव्हियन’पासून प्रत्येक वाक्य कुणीतरी ध्वनिमुद्रित करायचं ठरलं. सम्राटाच्या भूमिकेला पॅट्रिक स्टुअर्टचा आवाज मिळाला, आणि बाकी अख्ख्या साम्राज्याला मोजकेच आवाज पुरवून पुरवून वापरले गेले. अशा वेळी पहिली कात्री लागणार ती ‘ओढ्याच्या डावीकडे वळा’वर. गुहा ऐनवेळी दुसरीकडे हलवली तर खूण आपोआप हलते. बोललेलं वाक्य पुन्हा मुद्रित करावं लागतं.

दुसरी गळती जास्त गंभीर आहे, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. ‘मॉरोविंड’मध्ये तीन मोठी घराणी आहेत, त्यांतल्या एकाच घराण्यात जाता येतं. गिल्डमध्ये वरच्या पदाला ठरावीक स्किल आणि गुण लागतात. नसतील तर वरिष्ठ तोंडावर नाही म्हणतो. कथेला आवश्यक असलेला माणूसही तुम्ही मारू शकता. गेम एवढंच बजावतो की भविष्यवाणीचा धागा तुटला, आता जुना सेव्ह उघडा किंवा या मोडक्या जगात राहा. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये अशी माणसं मरत नाहीत, घटकाभर बेशुद्ध पडून उठतात. ‘स्कायरिम’मध्ये चार मंत्र येत असले तरी तुम्ही जादूच्या महाविद्यालयाचे प्रमुख होता, आणि त्याच जन्मात चोरांचे आणि मारेकऱ्यांचेही. कुणीच नाही म्हणत नाही. ६ कोटींहून अधिक प्रती खपलेल्या गेमला यात काही चुकलं असं वाटण्याचं कारणही नाही. पण सगळी दारं उघडी असली की आपण निवडलेलं पात्र नेमकं कोण आहे, हे ठरत नाही.

आता ‘मॉडर्न म्हणजे सोपं’ हे समीकरण खोडायला २०२३चा ‘बाल्डर्स गेट ३’ पुरेसा आहे. थॅको गेला, वीस बाजूंचा फासा सगळ्यांना कळेल असा पडद्यावर आला, चमू सहाचा चार झाला. हिशेबाने हा जुन्या भावंडापेक्षा नक्कीच सोपा. पण जवळजवळ कुणालाही मारा, गोष्ट वळसा घालून पुढे जाते; मेलेल्याला मंत्राने बोलतं करून प्रश्न विचारता येतात, आणि मारणारे तुम्हीच असाल तर तो तुमच्याशी बोलत नाही. आणि हे सगळे संवाद मुद्रित केलेले आहेत. आवाजामुळे परिणाम कापावे लागतात हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. खर्च आणि वेळ द्यायची तयारी असली की दोन्ही जमतं. ‘डिस्को एलिझियम’मध्ये (२०१९) २४ स्किल्स आहेत, नेहमीची लढाई नाही, आणि प्रत्येक स्किल नायकाच्या डोक्यात बडबडतं, कधी चक्क थापही मारतं. ‘एल्डन रिंग’ (२०२२) कामांची यादीच ठेवत नाही. त्याचं कौतुक मी जरा हात राखून करतो, कारण बरेच खेळाडू शेजारी मोबाइलवर मार्गदर्शिका उघडूनच तो खेळतात.

अर्थात वाट दाखवण्याचा भार जुन्या खेळांनीही गेमबाहेर टाकला होताच. ‘विझर्ड्री’चे तळघर-नकाशे खेळाडू आलेखकागदावर काढत, ‘अल्टिमा’च्या खोक्यात कापडी नकाशा येई, ‘मॉरोविंड’च्या खोक्यात कागदी. आपल्याकडे अनेकांनी हे गेम कॉपी केलेल्या सीडीवर खेळले, ना पुस्तिका ना नकाशा. तेव्हा आपल्या आठवणीतला अवघडपणा किती कलावंताचा आणि किती सीडीवाल्याचा, हे तपासून घ्यायला हवं.

‘टॅमरियल रीबिल्ट’ नावाचा स्वयंसेवकांचा गट ‘मॉरोविंड’च्या जगाचा मूळ गेममध्ये नसलेला मुख्य भूभाग दोन दशकांहून जास्त काळ बांधतो आहे. बिनपगारी माणसं नवी गावं, नवी कामं लिहितात. त्या इंजिनात खूण दाखवायची सोय नाही, म्हणून आजही तिथे कुणाला तरी वाक्य लिहावं लागतं की पूल ओलांडल्यावर कुठल्या बाजूला वळायचं. त्यासाठी त्यांना मुद्रणाचा खर्च येत नाही. फक्त तो रस्ता आधी स्वतः चालून बघावा लागतो.