भिंतीवरची नियमावली आणि अनेकमुखी इतिहास

अमेरिकेत तरुणांचे संगीत व मद्यविक्री यांची सांगड अशी घट्ट आहे की, एकविसाव्या वर्षाआधी पुष्कळांना आपल्याच पिढीचे संगीत ऐकण्यास दाराशीच मज्जाव होतो. ३१ डिसेंबर १९८६ रोजी बर्कलीतील ९२४, गिलमन मार्ग येथे जे संगीतगृह उघडले, त्याचे महत्त्व तेथील पंक संगीताइतकेच या मज्जावाच्या नकारात आहे. वयाची अट नाही. मद्य, मारामारी, वंशद्वेष, स्त्रीद्वेष यांना थारा नाही. हे नियम भिंतीवरच रंगविलेले. कारभार स्वयंसेवकांच्या सभेचा. १९८८ साली संस्थापकांपैकी टिम योहॅनन यांनी ते बंद केले, तेव्हा थोड्याच अवधीत या स्वयंसेवकांनीच ते पुन्हा उघडले.

ब्रायन एज यांनी २००४ साली सिद्ध केलेला ‘९२४ गिलमन : द स्टोरी सो फार’ हा ग्रंथ ही कथा अनेकांच्या आठवणींतून सांगतो. सर्वज्ञ निवेदक येथे नाही, आणि ते योग्यच होय. सभेने चालणाऱ्या स्थळाचा इतिहास एकाच मुखाने वदविणे ही विसंगती ठरली असती. मात्र परस्परविरोधी साक्षी तोलण्याचे काम त्यामुळे वाचकावर पडते. ते सुखाचे नाही.

कारण या कथेचा गाभा एका शब्दात आहे : ‘सेलआउट’. मराठीत ‘विकाऊ’ म्हणावे तर तो स्वभावदोष होतो. ‘विकला गेलेला’ म्हणावे तर ती घटना होते. गिलमनचा मूळ नियम घटनेपुरता होता. मोठ्या ध्वनिमुद्रण-कंपनीशी करार करणाऱ्या वाद्यवृंदास तेथे स्थान नाही, इतकेच. याच मंचावर वाढलेल्या ‘ग्रीन डे’ने असा करार केला आणि त्यास दार बंद झाले. हा नियम कठोर खरा, परंतु त्याचा अर्थ स्वच्छ होता. १९९४ च्या मे महिन्यात मात्र जेलो बियाफ्रा यांना त्याच छपराखाली, हाच शब्द उच्चारीत, पाय जायबंदी होईतो मारहाण झाली. बियाफ्रा तर स्वतःची स्वतंत्र ध्वनिमुद्रण-संस्था चालविणारे! घटनावाचक शब्द येथे स्वभाववाचक शिवी झाला, आणि भिंतीवरचा अहिंसेचा नियम त्याला आवरू शकला नाही.

१७ मे २०१५ रोजी ‘ग्रीन डे’ मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी त्याच मंचावर पुन्हा उभा राहिला. मोठ्या कंपनीशी त्याचा करार तेव्हाही कायमच होता.