शॉची जोन आणि पत्रातली जोन

बर्नार्ड शॉचं ‘सेंट जोन’ हे १९२३ सालचं नाटक मी पुन्हा वाचलं. प्रस्तावनेत शॉ जोन ऑफ आर्कला आद्य प्रॉटेस्टंट हुतात्म्यांमध्ये बसवतो. धर्मपीठापेक्षा आपल्याला ऐकू येणारा आवाज मोठा मानणारी मुलगी, या अर्थाने ते पटतं.

पण तिच्या आयुष्याशेजारी त्याच काळातला बोहेमिया ठेवला की मी अडखळतो. तिथला धर्मसुधारक यान हुस याला १४१५ साली पाखंडी म्हणून जाळलं. त्याच्या अनुयायांनी पुढे पोपच्या फौजा वारंवार पिटाळून लावल्या. ऑर्लेआंचा वेढा उठून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा, मार्च १४३० मध्ये, या हुसपंथीयांना उद्देशून जोनच्या नावाने लॅटिन पत्र लिहिलं गेलं. हस्ताक्षर तिच्या पाद्र्याचं. आशय असा: चर्चकडे परत या, नाहीतर इंग्रजांना सोडून तुमच्यावर चालून येईन. चौदा महिन्यांनी रूआंच्या चौकात तिलाही पाखंडी म्हणूनच जाळलं.

शॉची जोन काळाच्या पुढची आहे. पत्रातली जोन मात्र तिच्या काळाचीच. मला तीच जास्त अस्वस्थ करते. पाखंड्याला शिक्षा हवी, हे तिला आणि तिच्या न्यायाधीशांना सारखंच मान्य होतं. वाद होता तो पाखंडी कोण, एवढाच.